माळावरचे घर आणि निसर्गाची कल्पना

पुणे शहराच्या पूर्वेस नगर रस्त्याने शिरूरकडे अथवा सोलापूर रस्त्याने दौंडकडे जाणाऱ्या प्रवाशाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका नव्या प्रकारच्या घराची ओळख झाली आहे. ते शेतात उभे असते, पण शेतकऱ्याचे नसते. त्याचा धनी पुण्यात वा पिंपरी-चिंचवडला नोकरी, व्यापार किंवा वैद्यकी करतो आणि आठवड्याच्या अखेरीस, निदान सुटीत, येथे येऊन राहतो. 'फार्महाउस' हा शब्द आता खेड्यातल्या माणसाच्याही तोंडी बसला आहे. ही घरे विकणाऱ्यांच्या जाहिराती, त्यांची चित्रे छापणारी नियतकालिके आणि ती बांधणारे वास्तुविशारद या सर्वांच्या बोलण्यात एक कल्पना वारंवार येते. ती अशी की, हे घर निसर्गाशी एकरूप झालेले आहे; सभोवतालच्या सृष्टीला अनुसरून त्याची रचना केली आहे. या कल्पनेचा अर्थ काय, आणि भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यात तिची कसोटी कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

साहित्याला वाहिलेल्या मासिकात घराची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, घर हीही एक रचना आहे व तिच्यामागे जगाकडे पाहण्याची एक दृष्टी असते. नावडती कादंबरी मिटून ठेवता येते. नावडते घर गावाला पन्नास वर्षे सोसावे लागते. कवितेतील निसर्गवर्णन खोटे उतरले तर रसहानी होते, पण घराच्या रचनेतील निसर्गज्ञान खोटे ठरले तर शेजारच्या विहिरीचे पाणी आटते. शिवाय आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे आज ना उद्या असे घर बांधण्याचा विचार करणारी आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न वेळेवर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम ज्या भूमीविषयी बोलावयाचे तिची ओळख करून घेऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने ओसरत जातो. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके या पर्जन्यछायेत येतात. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने वीस इंच, पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. नदीकाठी काळी जमीन, तिच्यावर मुरमाड माळ आणि त्याच्याही खाली काळा पाषाण, अशी या प्रदेशाची घडण आहे. चासकमानच्या व खडकवासल्याच्या कालव्यांचे पाणी जेथे पोचले तेथे ऊस उभा आहे. जेथे पोचले नाही तेथे बाजरी, ज्वारी आणि कुसळी गवत. माळावर बाभूळ, हिवर, बोर व कडुनिंब एवढीच झाडे तग धरतात. वर्षातील चार महिने हा माळ हिरवा असतो, आठ महिने पिवळा आणि तपकिरी. मे महिन्याच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. मात्र हवा कोरडी असल्यामुळे उन्हाळ्यातही रात्र लवकर निवते. दिवस व रात्र यांच्या उष्णतेत पंधरा अंशांहून अधिक अंतर पडते.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कोकणात अथवा महाबळेश्वरास निसर्ग हा डोळ्यांपुढे आपण होऊन उभा राहतो. भीमाथडीस तसे नाही. येथे निसर्ग हा पाहण्यापूर्वी सोसण्याचा, जपण्याचा आणि शेजाऱ्याबरोबर वाटून घेण्याचा विषय आहे. म्हणून येथील घराच्या खिडकीतून काय दिसते एवढ्यावर त्याची परीक्षा करता येत नाही. ते घर ऊन, पाणी, माती व शेजार यांच्याशी कसे वागते हे पाहिले पाहिजे. आमच्या सर्व विवेचनाचा गाभा हाच आहे.

निसर्गाशी एकरूप घराची जी कल्पना आज आपल्याकडे रूढ झाली तिचा उगम शोधू गेल्यास एका अमेरिकन घरापाशी जाऊन पोचावे लागते. पिट्सबर्ग येथील पेढीवाले एडगर कौफमन यांच्यासाठी फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली पेनसिल्व्हेनियाच्या अरण्यात 'फॉलिंगवॉटर' या घराचा आराखडा केला व १९३७ साली मुख्य घर पुरे झाले. धबधब्याकडे पाहणारे घर मिळेल अशी धन्याची अपेक्षा होती. राइट यांनी घर धबधब्याच्या माथ्यावरच बसविले. घरात राहणाऱ्याला धबधबा दिसत नाही, ऐकू येतो. बैठकीतील शेगडीपाशी मूळचा खडक तसाच वर आलेला आहे. ज्या वस्तूवर प्रेम आहे तिच्याकडे दुरून टक लावून बसण्यापेक्षा तिच्या सहवासात राहावे, हा त्यातील विचार खरोखर काव्यमय आहे आणि त्याचे श्रेय राइट यांना दिलेच पाहिजे. परंतु त्याच घराचे प्रवाहावर झेपावलेले सज्जे प्रथमपासून खाली झुकू लागले व अखेर २००२ साली ताणलेल्या पोलादी तारांनी ते सावरून धरावे लागले, हेही विसरून चालणार नाही. २०१९ साली हे घर जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता ते घर राहिले नसून प्रेक्षणीय स्थळ झाले आहे. त्यापासून शिकावयाचे ते धाडसी सज्जे नव्हेत, जागेची बारकाईने केलेली पाहणी होय. दुर्दैवाने जगभर अनुकरण झाले ते सज्ज्यांचे.

राइट यांच्याकडे काही वर्षे राहून आलेले नारी गांधी यांनी मात्र गुरूपासून नेमकी हीच गोष्ट उचलली, असे आम्हांस वाटते. १९९३ साली त्यांचे निधन झाले. कागदावरील आराखड्यांवर फारसे न विसंबता जागेवर उभे राहून, गवंडी व सुतार यांच्याशी बोलत घर वाढवीत नेण्याची त्यांची पद्धत होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील व लोणावळ्याकडील त्यांची घरे या पद्धतीची साक्ष देतात. त्यांची दगडी कमान कोणाला आवडेल, कोणाला अवजड वाटेल; पण ती त्या जागेवरच सुचली आहे, हे पाहणाऱ्यास पटते.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर अलिबागच्या दक्षिणेस नांदगाव येथे बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई' या संस्थेने २००७ साली बांधलेले 'पामायरा हाउस' घ्यावे. नारळीच्या बागेत दोन लांबट लाकडी दालने समोरासमोर ठेवली आहेत आणि त्यांच्या भिंती म्हणजे ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या आहेत. वारा आत खेळतो, उजेड गाळून येतो, आणि संध्याकाळी आतील दिव्यांनी ते घर कंदिलासारखे दिसते. पाणी तेथल्याच विहिरींचे. २०१० साली आगाखान वास्तुपुरस्काराच्या निवडयादीत या घराचा समावेश झाला, तो योग्यच होता. दमट, घामट किनाऱ्यावर माणसाला हवा असतो तो वारा. तो या घराने भिंतीचाच पडदा करून मिळवून दिला. येथे रचना आणि प्रदेश यांचा मेळ बसला आहे.

परंतु एखादी कृती जितकी आपल्या जागेची, तितकी ती दुसरीकडे परकी. नांदगावच्या घराची चित्रे पाहून दौंडच्या माळावर लाकडी झिलमिल्यांची भिंत उभारली, तर चैत्र-वैशाखात तिच्यातून वाऱ्याबरोबर धूळ व तप्त झळ आत येईल आणि लाकूड कोरड्या हवेने तडकेल. कोकणात घराने दिवसभर श्वास घ्यावयाचा असतो. भीमाथडीस त्याने दुपारी श्वास रोखून धरावयाचा आणि रात्री सोडावयाचा असतो. एकाच जिल्ह्यातील लोणावळा आणि दौंड यांना एकच घर चालणार नाही, एवढी साधी गोष्ट कागदी नकाशावर ध्यानात येत नाही.

तर मग या भूमीला अनुसरून घर बांधण्याचे प्रयत्न पूर्वी कोणी केलेच नाहीत काय? केले, आणि त्यांतला पहिला तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व श्री. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. आरंभीच्या व मधल्या काळातली घरे प्रशस्त व चौकोनी आहेत. मातीच्या बुटक्या भिंती, त्यांवर लिंपलेला कूड, वर गवताचे उतरते छप्पर, आत चूल व धान्याच्या कणग्यांचे ओटे अशी त्यांची रचना होती. प्रमुखाचे म्हणून जे घर ओळखले जाते त्यास पाच दालने असून त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. नदीच्या पुराचे पाणी वळवून घेणारा पाटही या लोकांनी खणला होता.

पुढे इ.स.पू. १००० च्या सुमारास एक विलक्षण पालट दिसतो. प्रशस्त चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटले, शेती खालावली, लोक जनावरांच्या पाठीमागे फिरू लागले आणि घर त्याप्रमाणे आखडले, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे. शेवटी इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. 'सभोवतालच्या सृष्टीला अनुसरून घर' या शब्दांचा खरा, कठोर अर्थ आम्हांस इनामगावच्या मातीत दिसतो. सृष्टी उदार होती तेव्हा घर मोठे होते. ती कृपण झाली तेव्हा घर लहान झाले. आजच्या धन्याला ही अडचण भासत नाही, कारण पाऊस कमी पडला तर तो विंधनविहीर आणखी दोनशे फूट खोल नेतो. घर पूर्वीएवढेच राहते. लहान होते ते भूगर्भातील पाणी.

नंतरच्या काळात या मुलखाने धाब्याचे घर सिद्ध केले. शेतीची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी', हा भेद आपल्या भाषेतच रुजलेला आहे. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही आणि पिकाची जागाही वाया जाते. म्हणून वस्ती कठीण, उंच जागी. तेथे दगडाच्या जोत्यावर दोन-दोन हात जाडीच्या भिंती, तुळया व कड्या, त्यांवर किलच्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरच्या बाजूस खिडक्या अगदी थोड्या. उजेड व हवा चौकातून. दिवसाचे ऊन या भिंतीत व धाब्यात शिरता शिरता संध्याकाळ होते, आणि तोवर माणसे अंथरुणे घेऊन धाब्यावर निजावयास गेलेली असतात. कोरड्या प्रदेशातील दिवसरात्रीच्या अंतराचा याहून शहाणपणाचा उपयोग दुसरा कोणता?

तिसरा प्रयत्न इंग्रजांचा. घोडनदी येथे त्यांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टॉण्टनची तुकडी तेथूनच निघाली होती. छावण्यांबरोबर या देशात बंगला आला. वाडा अंतर्मुख, तर बंगला बहिर्मुख. चौक नाहीसा होऊन त्याच्या जागी घराला वेढणारा व्हरांडा आला. घराच्या चोहो बाजूंस मोकळी जागा ठेवून बाहेर पाहत बसण्याची आवड आपल्या मध्यमवर्गाने या बंगल्यापासून घेतली. तरीही त्या बंगल्याची भिंत जाड होती, छत उंच होते, व्हरांड्याची सावली खोल होती आणि उन्हाळ्यात दारांवर वाळ्याचे ओले पडदे लावीत. परक्या माणसाने, परक्या सवयी न सोडता, येथल्या उन्हाशी केलेली ती तडजोड होती.

जुन्याचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली, ती याच जातीच्या घरांखाली. दरसाल गळती थांबविण्यासाठी धाब्यावर मातीचा नवा थर चढविला जाई. त्याने छप्पर भयंकर जड झाले होते, आणि मातीत बसविलेल्या गोटेदगडांच्या भिंतींना एकमेकींचा आधार नव्हता. शिवाय त्या घराच्या थंडाव्यामागे घरच्या बायकांचे कष्ट होते. जमीन सारवणे, भिंती लिंपणे, धूर डोळ्यांत घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात रांधणे, यांचा हिशेब मांडल्याशिवाय जुन्या घराची स्तुती करणे हे पुरुषांच्या ओसरीवर बसून केलेले काव्य होय. म्हणून त्या घराचा साचा न उचलता त्यातील विवेक उचलावा, असे आम्ही म्हणतो.

आता आजच्या नव्या घराकडे वळू. मावळतीचे दृश्य दिसावे म्हणून पुष्कळ घरांत पश्चिमेची संबंध भिंत काचेची केलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीनपासून सूर्य याच भिंतीवर तिरपा येतो. सज्ज्याची सावली त्याला अडवू शकत नाही, कारण तो खाली उतरलेला असतो. परिणामी जाड पडदे ओढून यंत्राने हवा थंड करावी लागते; म्हणजे ज्या दृश्यासाठी काच बसविली ते दृश्य वर्षातील सर्वांत लांब संध्याकाळी झाकून ठेवावे लागते. रचनेतील हा दोष व्यवहाराचा आहेच, पण त्याहून अधिक तो रसिकतेचा आहे. दृश्य हवे, पण दृश्याबरोबर येणारे ऊन नको, असा हा करार आहे आणि सृष्टी असले करार करीत नाही.

नदीकाठच्या घरांची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. मुळा-मुठा ही नदी पुण्याचे सांडपाणी घेऊन पूर्वेस येते आणि रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. 'नदीचे दर्शन' म्हणून अधिक किंमत देऊन जो भूखंड घेतला, त्याच्यापुढे जलपर्णीने झाकलेले व वास मारणारे पाणी असते. शहरातील आपल्याच मोऱ्यांचे पाणी पाहण्यासाठी माणसाने साठ-सत्तर किलोमीटर यावे, ही गोष्ट विनोदी कथालेखकासही सुचली नसती. पूर्वेस उजनीच्या जलाशयाचीही तीच तऱ्हा. १९८० साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचे पाणी दौंड तालुक्याच्या कडेपर्यंत पसरते. हिवाळ्यात ते दृश्य मनोहर असते यात शंका नाही. तेथे रोहित पक्षीही उतरतात. परंतु उन्हाळ्यात पाणी दूर सरकते आणि ओसरीपुढे भेगाळलेला गाळ उरतो. ते पाणी मुळात सोलापूरच्या शेतांसाठी अडविलेले आहे, आपल्या खिडकीसाठी नव्हे, हे ध्यानात ठेवले म्हणजे निराशा होणार नाही.

तिसरी बाब हिरवळीची. निसर्ग म्हणजे हिरवा रंग, अशी आपली समजूत झाली आहे. ती काही अंशी कोकणाने व काही अंशी इंग्रजी पुस्तकांनी करून दिलेली आहे. येथे थोडा हिशेब करू. २०० चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात दर चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी धरले तरी १,००० लिटर लागतात. चौघांच्या कुटुंबाला माणशी १०० लिटरप्रमाणे ४०० लिटर पुरतात. म्हणजे घरातील माणसांच्या अडीचपट पाणी अंगणातील गवत पिते, आणि तेही माणसे घरात नसताना. उलट १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी मिळते. वाया जाणारे सोडले तरी ४०,००० लिटर टाकीत साठविता येईल. हे पाणी त्या कुटुंबास १०० दिवस पुरेल. आठवड्यातून दोन दिवस वसणाऱ्या घराचे वर्षाचे दिवस १०४ होतात. तात्पर्य, धन्याच्या गरजेपुरते पाणी त्याच्या स्वतःच्या छपरावर पडते. विंधनविहीर खोल जाते ती मुख्यतः हिरव्या रंगाच्या हौसेपायी.

माळाच्या बाबतीत ही हौस आणखी घातक ठरते. सरकारी कागदांत ज्याला पडीक म्हटले जाते तो गवताळ माळ मुळीच ओसाड नसतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील अशा माळांवर लांडगे, खोकड, चिंकारा, काळवीट यांची वस्ती आहे आणि मेंढपाळांचे कळप पिढ्यान्पिढ्या चरत आले आहेत. त्या माळाला तारेचे कुंपण घालून आत परदेशी झाडे लावणे म्हणजे निसर्गाची सेवा, असे मानणारी सुशिक्षित माणसे आम्ही पाहिली आहेत. शिरूरच्या ऊसपट्ट्यात याच्या उलट प्रकार आहे. तेथे उसात बिबट्या कायमचा राहू लागला असून त्याच्या हल्ल्यांत माणसे, त्यांतही लहान मुले, बळी गेली आहेत. अशा ठिकाणी भिंतीला भिडलेली दाट झुडपे आणि रात्री उघडी राहणारी ओसरी ही चित्रात कितीही मोहक दिसली तरी तेथल्या आईला ती कशी दिसतील याचा विचार रचनाकाराने केला पाहिजे. घराभोवती वीस-पंचवीस हात मोकळे, सारवलेले खळे ठेवण्याची जुनी रीत निव्वळ धान्य मळण्यासाठी नव्हती. विंचू, साप वा श्वापद आले तर ते दिसावे, हाही तिचा उपयोग होता.

येथून आम्ही शेवटच्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. हे घर कोणाचे? कागदोपत्री ते धन्याचे आहे; पण वर्षातील अडीचशेहून अधिक दिवस त्या जागी जो राहतो तो राखणदार व त्याचे कुटुंब. निसर्गाशी एकरूप म्हणून गाजलेल्या घरांच्या चित्रांत फाटकाजवळची ती खोली सहसा नसते. ती बहुधा दहा फूट लांबीरुंदीची, वर पत्रा घातलेली, एका खिडकीची असते. मेच्या दुपारी त्या पत्र्याखाली मूल निजविणे अशक्य होते आणि बाई ते घेऊन बाभळीखाली बसते. समोरच्या घरात मातीचा गिलावा, कौले आणि चौक आहेत. ते थंड आहे, पण कुलूपबंद. ज्याला ऋतूंशी रोजचा व्यवहार करावयाचा आहे त्याच्या वाट्याला ऋतूंचे काहीच न ऐकणारी खोली आणि जो सुटीपुरता येतो त्याच्यासाठी सगळे ऋतुज्ञान, अशी ही वाटणी आहे. एकाच आवारात, एकाच रचनाकाराच्या हातून, दोन घरे इतकी विसंगत होत असतील तर त्याच्या निसर्गप्रेमावर आमचा विश्वास बसत नाही. ईजिप्तमध्ये हसन फथी यांनी १९४० नंतरच्या दशकात नव्या गुर्ना गावी मातीच्या विटांची अत्यंत देखणी घरे बांधली. पण ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांतले बहुतेक लोक तेथे राहावयास गेलेच नाहीत. गाव हलविण्याचा बेत दुसऱ्यांचा होता, त्यांचा नव्हता. माती वापरली म्हणजे मातीतल्या माणसाचा विचार केला असे होत नाही, हा धडा तेथेही मिळतो.

मग शिरूर-दौंडच्या माळावर नव्या काळाचे घर कसे असावे? आम्ही वास्तुविशारद नव्हे, पण टीकाकारास आपली अपेक्षा सांगण्याचा अधिकार असतो. ते काळ्या जमिनीवर नसावे, मुरमावर असावे. ते लहान असावे. पश्चिमेची भिंत जाड व जवळजवळ बंद असावी; न्हाणीघर, कोठार, जिना यांना ती बाजू द्यावी. दक्षिणेस खोल ओसरी असावी, म्हणजे हिवाळ्यातील तिरपे ऊन आत येईल आणि उन्हाळ्यातील डोक्यावरचे ऊन बाहेर राहील. मधोमध चौक, त्यात एक कडुनिंब. छप्पर दुहेरी, मध्ये हवा खेळेल असे, आणि त्यावर रात्री निजण्याची सोय. दगड तेथलाच, पण भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड आणि जोत्यापासून छपरापर्यंत भूकंपात टिकणारे बंधपट्टे त्यात असावेत. पावसाच्या पाण्याची टाकी जमिनीखाली, सर्वांत आधी बांधलेली. माळाचे गवत जसे आहे तसे राहू द्यावे. ते पिवळे झाले म्हणजे मेले नाही, विसावले आहे, हे मुलांना शिकवावे. आणि राखणदाराचे घर त्याच भिंतींचे, त्याच छपराचे, मुख्य घराला जोडूनच असावे. असे घर दूरवरून कदाचित डोळ्यांत भरणार नाही. गुळगुळीत कागदावर त्याचे चित्र फारसे खुलणारही नाही.

कोणी म्हणेल, एवढा विचार करावयाचा तर सुटीच्या घराची मौज ती काय उरली? मौज उरते, उलट वाढते. काचेआडून पाहिलेला माळ दोन भेटींत पाहून संपतो. धाब्यावर पडून ऐकलेला टिटवीचा आवाज, पहिल्या वळवानंतर टाकीत पडणाऱ्या पाण्याची धार, श्रावणातल्या गवतावरून धावत जाणारी ढगांची सावली, या गोष्टी दरसाल नव्या असतात. त्यांच्यासाठी घराने फार काही करावयाचे नसते. आड न येणे पुरेसे असते.

जे वाचक असे घर बांधण्याच्या विचारात असतील त्यांना आमची एकच सूचना आहे. भूखंड पाहावयास भाद्रपदात जाऊ नये, तेव्हा सगळीच भूमी सुंदर असते. वैशाखात, भर दुपारी जावे. बरोबर वास्तुविशारदास न्यावे आणि बाभळीच्या सावलीत बसून जवळच्या वस्तीवरच्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत: विहिरीला पाणी किती दिवस असते, वारा कोणीकडून येतो, आणि रात्री इकडे कोण कोण फिरकते. त्या माणसाची उत्तरे ऐकून ज्याला तेथे राहावेसे वाटेल त्याने खुशाल घर बांधावे.